या नावाची खिडकी कुठेच नाही

(अंगणवाडी सेविका, विशेष शिक्षक आणि पालक यांच्यापुढे 9 सप्टेंबरला केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

एका आजींपासून सुरुवात करते. नातू नऊ वर्षांचा. आई गेलेली, बाप असून नसल्यासारखा. कुठल्याशा शिबिरात एका डॉक्टरांनी मुलाला तपासलं आणि चिठ्ठीवर चार अक्षरं लिहून दिली, एफएएसडी, पुढे प्रश्नचिन्ह. फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे आई गरोदर असताना घेतलेल्या दारूमुळे बाळाला होणारा विकार. ती चिठ्ठी घेऊन आजी सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. आतल्या माणसानं विचारलं, "हे कुठल्या ओपीडीचं?" आजींना ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं. शेवटी त्यानं त्यांना डोळ्यांच्या विभागात पाठवलं. का, तर पोराचे डोळे बारीक दिसत होते!

हसू येतं, पण तो माणूस अगदीच चुकला नव्हता हो. डोळ्यांच्या आखूड फटी, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली सपाट झालेली पन्हळ, पातळ वरचा ओठ, ही त्या चेहऱ्याची खूणच आहे. फ्रान्समधल्या नान्तच्या पॉल लेमवान या डॉक्टरांनी 1968 साली अशा मुलांबद्दल लिहिलं, फारसं कुणी वाचलं नाही. 1973 साली अमेरिकेत सिॲटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम असं नाव दिलं, तेव्हा जग जागं झालं. गरोदरपणी आईच्या पोटात गेलेली दारू वारेतून बाळापर्यंत पोचते आणि त्याचा मेंदू घडता घडता बिघडवते, एवढा त्याचा अर्थ. पण चेहऱ्यावर विसंबू नका. चेहरा गरोदरपणाच्या सुरुवातीच्या थोड्या दिवसांत घडतो, मेंदू नऊही महिने घडत असतो. त्यामुळे बहुतेक मुलांचा चेहरा तुमच्या-माझ्या मुलांसारखाच असतो. रक्ताची तपासणी नाही, एमआरआयमध्ये हमखास दिसेल असंही काही नाही.

मग दिसतं काय? मूल बोलायला चुरचुरीत असतं. पाहुण्यांना वाटतं, किती हुशार! पण काल पाठ असलेला तीनचा पाढा आज कोरा. दूध आणि कोथिंबीर आणायला पाठवलं तर कोथिंबीर येते, दूध दुकानातच राहतं आणि उरलेले पैसे कुठे गेले ते सांगता येत नाही. मग आपण म्हणतो, खोटं बोलतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच आठवत नसतं, म्हणून तो मधली जागा भरून काढतो. शिक्षा केली तर रडतो, माफी मागतो आणि उद्या तेच करतो. शाळेत शेरा पडतो: मुद्दाम करतो.

आता मूळ मुद्दा. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानतो. त्या यादीत एफएएसडी हे नाव नाही. म्हणजे या नावाची खिडकी जिल्ह्यात नाही, मुंबईतही नाही. पालक नाव घेऊन दारोदार फिरतात आणि "आमच्याकडे नाही" ऐकून परततात. माझं म्हणणं इतकंच आहे की नाव पिशवीत ठेवा आणि अडचण घेऊन जा. "याला एफएएसडी आहे" म्हणालात तर दार बंद. "हा नऊ वर्षांचा आहे, दोन सूचना एकदम दिल्या तर दुसरी विसरतो, बेरीज येते पण सुटे पैसे मोजता येत नाहीत" म्हणालात तर समोरच्याला कागदावर काहीतरी लिहावंच लागतं.

लहान मुलांसाठी सगळ्यात जवळचं दार अंगणवाडीतच येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरातून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासतं, आणि त्यांच्या यादीत विकासातला विलंब स्पष्ट आहे. तिथून मूल जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जातं. बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा-उपचार, फिजिओथेरपी, विशेष शिक्षक हे सगळं एका छताखाली असावं अशी ती कल्पना आहे. सगळीकडे सगळी पदं भरलेली नसतात, हे तुम्ही मला सांगायला नको. तरी जा, कारण तिथला कागद पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो. सेविकाताई, पथक येईल त्या दिवशी असं मूल गैरहजर राहणार नाही एवढं तुम्ही पाहिलंत तरी अर्धं काम झालं.

अमेरिकेत ॲन स्ट्राइसगुथ यांनी 1996 साली अशा माणसांचा मोठा अभ्यास मांडला. शाळा सुटणं, पोलिसांची भानगड, व्यसन या पुढच्या संकटांपासून कोण वाचलं? ज्यांचं निदान सहा वर्षांच्या आत झालं आणि ज्यांना टिकाऊ, मायेचं घर मिळालं, ते जास्त वाचले. औषधाने बरा होणारा हा प्रकार नाही, पण वेळेचा फरक पडतो तो असा.

शाळेच्या वयात तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठा. नेहमीच्या शाळेतल्या मुलांसाठीच ते नेमलेले असतात. मग दिव्यांग प्रमाणपत्र, आणि इथे खरी मेख आहे. बहुतेक योजनांना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. एफएएसडीच्या कित्येक मुलांचा बुद्ध्यांक सीमारेषेवर किंवा अगदी सर्वसाधारण निघतो. तो निर्वाळा घेऊन आई घरी येते आणि घरात पोरगा चुलीवरचं दूध विसरून पतंग उडवत असतो. तेव्हा नुसत्या बुद्ध्यांकावर थांबू नका. रोजच्या जगण्यातलं कौशल्य मोजणारी चाचणीसुद्धा करा म्हणून आग्रह धरा, कारण या मुलांची खरी पडझड तिथेच दिसते. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या अडचणीची तपासणीही मागा. ती त्या 21 मध्ये आहे, आणि आपल्या राज्यात तर 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगतेचं प्रमाणपत्र मिळालं, तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीही येते. आणि मूल 18 चं झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा अर्जही त्याच ट्रस्टच्या स्थानिक समितीकडे करता येतो. आजींसारख्यांनी हे लवकर विचारून ठेवावं. आपल्यामागे कोण, हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाही.

आणि एक फाईल करा, साधी, प्लास्टिकची. त्यात माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, डोक्याचा घेर कुठे लिहिला असेल तर ते पान, शाळेच्या जुन्या वह्या. शिवाय घरच्या शब्दांत तारखेनिशी दहा-बारा प्रसंग. डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात. त्या पाच मिनिटांत तुमच्या रडण्यापेक्षा ती फाईल जास्त बोलते.

आता माझी चूक सांगते. नोकरीची पहिली वर्षं. असंच एक मूल समोर, शेजारी आई, मागे सासू उभी. मी फॉर्म भरता भरता सहज विचारलं, "दिवस असताना दारू घेत होता का?" आई "नाही" म्हणाली. ते कुटुंब पुन्हा आलं नाही. वर्षभराने ती बाई बाजारात भेटली, हात धरून बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ताई, घेत होते. नवरा पाजायचा, नाही म्हटलं की मारायचा. तुम्ही सासूसमोर विचारलंत." तेव्हापासून हा प्रश्न मी एकांतातच विचारते, आणि असा: "दिवस गेलेत हे कळायच्या आधी किंवा नंतर, कधी दारू, ताडी, वाईन काही घेतलं गेलं होतं का? उपचार ठरवायला लागतं म्हणून विचारते." कळायच्या आधी हे शब्द महत्त्वाचे आहेत. गावात मोहाची असते, शहरात ऑफिसच्या पार्टीतली वाईन असते. दोघींनाही त्या आठवड्यात दिवस गेल्याचं ठाऊक नसतं. 2017 च्या एका जागतिक अंदाजानुसार गरोदरपणी दारू घेणाऱ्या साधारण 13 बायकांमागे एकीच्या बाळात हा विकार दिसतो. पण ती एक कोण, हे आधी सांगता येत नाही, म्हणून सुरक्षित प्रमाण असं काही नाही.

मघाशी एका ताईंनी हळूच विचारलं, बाळंतपणात सासूने ब्रँडी दिली होती, त्याने झालं का? नाही. ते बाळ जन्मल्यानंतरचं. आसव-अरिष्टांत मात्र आंबवण्यातून मद्यार्क तयार होतो, बाटलीवर लिहिलेलं असतं. दिवस असताना ती विचारल्याशिवाय घेऊ नका.

आई अजूनही पीत असेल तर मुलाची थेरपी एकीकडे आणि घर दुसरीकडे, असं चालत नाही. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या आधारासाठी टेलि-मानसचा 14416, दोन्ही फुकट. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट असतात, तिथे नाव सांगावं लागत नाही. दत्तक मुलांच्या पालकांना हे सगळं आणखी जड जातं, कारण जन्मदात्या आईबद्दल कागदात काही असेलच असं नाही. त्यांनीही अडचणीपासूनच सुरुवात करावी. कुणाची लेक-सून परदेशी असेल तर तिला सांगा, अमेरिकेत एफएएसडी युनायटेड आणि कॅनडात कॅनएफएएसडी या संस्था याच कामाच्या आहेत. तिथे नाव घेऊन गेलं तरी चालतं.

आजींच्या नातवाला अखेर अध्ययन अक्षमतेच्या दारातून आत घेतलं. आता तो दूध आणायला जाताना तळहातावर दुधाच्या पिशवीचं चित्र काढून जातो. पैसे अजून हरवतात.

बाहेर चहा आलाय. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांनी मागच्या खोलीत या. एकेकट्याच या, सासूबाईंना इकडे चहा घेऊ द्या.