'दे' म्हणायच्या आधी

(दृश्य: जानेवारीतली सकाळ. तिघरा रस्त्यालगतचं शेत. धुकं.)

ग्वाल्हेरच्या थंडीत सकाळी आठ वाजतासुद्धा समोरचं झाड दिसत नाही. मोहरी फुलली आहे, पण तिचा पिवळा रंग धुक्यातून जेमतेम कळतो. बांधावर माझे काका उभे आहेत. कानटोपी, शाल, गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. त्यांच्या डाव्या पायाशी हळद्या बसला आहे. जातीनं लॅब्रेडॉर, वय दोन वर्षं, रंग नावाप्रमाणे.

काकांनी डमी, म्हणजे पक्ष्याच्या जागी फेकायची कापडी गुंडाळी, फेकली. हळद्या जागचा हलला नाही, कान तेवढे पुढे झाले. काका मनातल्या मनात पाच मोजतात आणि मग हलक्या आवाजात फक्त त्याचं नाव घेतात. तो सुटतो.

कुत्र्याची धाव सगळेच कौतुकानं बघतात. मला तुम्हाला त्याचं परत येणं दाखवायचं आहे.

(दृश्य: अगदी जवळून. कुत्र्याचं तोंड आणि काकांचे हात.)

हळद्या समोर येऊन बसला. मान वर, डमी तोंडात आडवी, बरोबर मध्यावर धरलेली. काका डमीला हात लावत नाहीत. त्यांचा हात आधी हनुवटीखाली जातो. गळ्यावरून, कानामागून फिरतो. "शाब्बास रे." हळद्याची शेपटी दवानं भिजलेली माती झाडते आहे. चार-पाच श्वास असेच जातात. मग काका डमीखाली तळवा धरतात आणि म्हणतात, "दे." जबडा सैल होतो, डमी अलगद हातात येते. ओढाओढ नाही, खाली पडणंही नाही.

एवढ्यासाठी त्यांनी दीड वर्ष घालवलं आहे.

ही जात याच कामासाठी घडली. तिचे पूर्वज न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर असायचे. बर्फगार पाण्यात उडी टाकून निसटलेले मासे, जाळ्यांचे दोर तोंडात धरून आणायचे. एकोणिसाव्या शतकात ही कुत्री इंग्लंड-स्कॉटलंडात गेली, तिथं शिकारी बंदुकीनं पाडलेले पक्षी त्यांच्याकडून आणवून घेऊ लागले आणि १९०३ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबनं लॅब्रेडॉरला वेगळी जात म्हणून मान्यता दिली. बोटांमधला पडदा, पाणी आत शिरू न देणारे दुहेरी केस, पाणमांजरासारखी जाड शेपटी, हे सगळं त्या कामाचं. पण मोल होतं ते मऊ तोंडाला. पक्षी ताटात जायचा असे. कुत्र्यानं तो चावला, बरगड्या चुरल्या, की सगळी मेहनत वाया.

आमच्या घरी कुत्र्यांना हे शिकवणं पणजोबांपासून चालत आलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये जिथं छावणी टाकली, तो ग्वाल्हेरचा 'लष्कर' नावाचा भाग हे आमचं गाव. संस्थानच्या काळात शिकारीला जाणं ही इथली रीतच होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुका भिंतीवर गेल्या, आणि ते फार चांगलं झालं, असं मी मनापासून म्हणते. काकाही म्हणतात. त्यांनी आयुष्यात एकही पक्षी मारलेला नाही. त्यांच्याकडे आहे ती कॅनव्हासची डमी, आत लाकडाचा भुसा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास.

"मग कशाला शिकवायचं?" मी विचारलं होतं.

"अगं, त्याच्या तोंडाला काम हवंय. आपण नाही दिलं तर तो चपला आणेल. आणि चपला हिसकावून घेताना आपणच त्याला बिघडवू."

(दृश्य: लष्करातला जुना वाडा. अरुंद बोळ.)

पहिला धडा या बोळात झाला. दोन्ही बाजूंना भिंती, मागं बंद दार. तीन महिन्यांच्या पिल्लासाठी पायमोज्याची गुंडाळी पुरे. ती घेतली की पळायला जागाच नाही, यायचं ते आपल्याकडेच. काका उकिडवे बसायचे, हात पसरायचे, पिल्लू पोटाशी आलं की त्याला धरायचे. मोज्याला धरायचे नाहीत. तीन वेळा फेकायचं आणि पिल्लाला आणखी हवं असतानाच थांबायचं. मोह होतो, मलाही झाला. पण दहाव्या फेकीला पिल्लू कंटाळून मोजा वाटेत टाकतं, आणि त्या दिवशी ते वाटेत टाकायलाच शिकतं.

चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात. हिरड्या ठणकतात. दात येऊन बसेपर्यंत काकांनी मोजा कपाटात ठेवला. या दिवसांत काही ओढलं तर तोंडात काही धरणं म्हणजे दुखणं, ही गाठ डोक्यात पक्की बसते. तेवढ्या काळात 'बस', 'थांब' आणि शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे आहेस तिथं बस. लागोपाठ बारीक शिट्ट्या म्हणजे ये.

आणि ओढाओढीचा खेळ घरात कुणीही खेळायचा नाही. पाहुण्यांनीसुद्धा नाही. यावरून काकांनी माणसं दुखावली आहेत.

(दृश्य: जुना फोटो. एक मुलगी, एक काळं कुत्रं.)

त्याचं कारण मी आहे. फोटोतला शेरू. मी दहा वर्षांची होते. तो चेंडू आणायचा आणि मी झडप घालून हिसकायचे. हिसकलं की तो जास्त घट्ट धरायचा, मग मी जबडा फाकवायचे. पुढं तो पाच हातांवर थांबू लागला, मी धावले की पळू लागला. मी पाठलाग करायचे आणि त्याला वाटायचं, हाच खेळ. शेवटी चेंडूच्या चिंध्या आणायचा. लोक म्हणायचे, याचं तोंडच कडक. काका काही बोलले नाहीत. मला ते फार वर्षांनी कळलं.

कुत्रं लांब थांबलं तर आपण उलट दिशेनं चालू लागायचं, ते मागं येतंच. एवढं साधं मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

(दृश्य: शेतातली टपरी. डमीला बांधलेला पंख.)

पिसांची पायरी सगळ्यात नाजूक. खाटकाकडून कोंबडीचा पंख आणला, डमीला बांधला. हळद्यानं तो पहिल्यांदा तोंडात घेतला आणि थबकला. नवा वास, नवा स्पर्श. पुढच्या क्षणी डोकं झटकलं, पंजा ठेवला, पिसं उपटायला लागला. काका ओरडले नाहीत. शांतपणे जवळ गेले, हनुवटीखाली हात, "दे". दुसऱ्या दिवशी तोच पंख जुन्या पायमोज्यात घालून दिला. आठवडाभरानं मोज्याचं टोक कापलं, चार पिसं बाहेर. मग आणखी चार. महिन्यानं मोजा गेला आणि पंख शाबूत राहिला.

(दृश्य: शेततळं.)

पाण्याचा सराव शेततळ्यातच होतो. तिघरा धरण जवळ आहे, १९१६ चं, सांक नदीवरचं, पण हिवाळ्यात तिथं पाहुणी बदकं आणि पट्टकदंब उतरतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यांत कुत्रं सोडणं काकांना पटत नाही. मलाही नाही.

पाण्यातून बाहेर आलं की कुत्रं आधी अंग झाडतं आणि त्यासाठी तोंडातलं टाकतं. खरा पक्षी जखमी असता तर तेवढ्यात निसटला असता. म्हणून काका गुडघाभर पाण्यात उभे राहून डमी घ्यायचे. मग काठावर. मग एक पाऊल मागं. रोज एक पाऊल. आता हळद्या निथळत दहा पावलं येतो, डमी देतो आणि मग अंग झाडतो. काका भिजतात.

(दृश्य: पुन्हा बांध. धुकं विरतं आहे.)

शेवटची फेक. डमी बांधापलीकडे गवतात पडली, हळद्याला दिसली नाही. काकांनी हातानं उजवी दिशा दाखवली. तो वाऱ्याला नाक लावून वळला, गवत हललं, तोंडात डमी घेऊन निघाला.

"तू घे," काका म्हणाले आणि बाजूला झाले.

हळद्या माझ्यासमोर येऊन बसला. माझा हात सवयीनं डमीकडे गेला. मी तो मागं घेतला, त्याच्या हनुवटीखाली ठेवला. ओली, गरम कातडी. आतून श्वास जाणवत होता. त्यानं काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घाई नको," काका मागून म्हणाले.

मी थांबले. मग तळवा खाली धरला.

"दे."