लेकरानं तोंड उघडावं म्हणून

श्रोतेहो, नमस्कार. मोठ्यांवरचा भरवसा उडालेल्या लेकराचे दात कसे घासावेत, ते आज सांगते आहे.

दसरा झाला की बीड, केज, धारूरकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. बरीच लेकरं आजीजवळ राहतात. तेवढ्यानं काही भरवसा उडण्याचा आजार जडत नाही, आजीची माया पुरते. पण ज्याला सांभाळणारं माणूस सारखं बदललं, ज्यानं मार नि उपास सोसले, त्या लेकराचा मोठ्यांच्या हातावर भरवसा उरलेला नसतो. आणि दात घासायचे म्हणजे तोच हात तोंडात जाणार. म्हणून ते चावतं, पळतं. धरून ब्रश कोंबला, तर एक दिवस दात स्वच्छ होतात, नंतर महिनोन्‌महिने तोंड बंद.

रोज एकाच माणसानं, एकाच जागी घासावं. पाठीमागून एकदम जाऊ नका. आरशासमोर उभं करा, म्हणजे तुमचा हात त्याला दिसत राहतो. ब्रश आधी त्याच्या तळहातावर, मग गालाला, मग ओठाला, मग पुढच्या दातांना. एकेका पायरीला आठवडा लागू द्या. मोठ्यानं दहापर्यंत मोजा आणि दहाला ब्रश बाहेर काढाच. त्यानं हात वर केला, तर सहालाही थांबा. एकदा फसवलं की मोजणं वाया गेलं.

पेस्ट 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइडची. 3 वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, 3 ते 6 वर्षांत वाटाण्याएवढी. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर डॉक्टरांना विचारा. पेस्ट झोंबते म्हणालं, तर नखरा समजू नका. सौम्य चवीची आणा. मिसरी नकोच, तो तंबाखू आहे.

उपास काढलेली लेकरं उशाखाली बिस्किटं लपवतात. रात्री खाल्लेलं दाताला चिकटून राहतं, कारण झोपेत लाळ कमी सुटते. पण हिसकावून घेतलं, की ते आणखी लपवतं. त्यापेक्षा काकडी-गाजराच्या फोडींचा डबा त्याच्या हक्काचा ठेवा. औषधाचं गोड सिरप ब्रशच्या आधी द्या. औषध मनानं बंद करू नका.

दवाखान्यात पहिल्या दिवशी खुर्चीत बसून दात मोजले, तरी पुष्कळ झालं. लेकरू कशाला दचकतं, कोण जवळ लागतं, हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. "सुई टोचायला लावीन" हा धाक घरात कुणी घालू नये. मशीन सोसवत नसेल आणि दात दुखत नसेल, तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध किडीवर लावून कीड थांबवता येते का, ते विचारा. किडलेला भाग त्यानं काळा पडतो. ते लेकराला आधीच सांगा. नंतर आरशात दिसलं, तर पुन्हा फसवल्यासारखंच वाटेल.