अबोली पाच

(पडद्यावर ५. खिडकीबाहेर पाऊस.)

फोंड्यातली ही खोली. पडद्यावर काळा पाच, खाली रंगपट्टी. पाच काळा आहे हे चाचणी देणारीला नीट दिसतंय. पण पाच आला की अबोलीचा रंग येतो, अगदी लहानपणापासून. हात बघा तिचा. केशरीवर थांबत नाही, गुलाबीकडे सरकतो, परत मागे येतो. सकाळच्या ताज्या गजऱ्यातला रंग हवाय तिला, उन्हात सुकलेल्या अबोलीचा नको.

(रंगपट्टी, जवळून.)

याला, म्हणजे अंक पाहिला की रंग आपोआप जाणवण्याला, सिनेस्थेशिया म्हणतात. चाचणी २००७ साली मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी मांडली, त्या धर्तीवर. दहा अंक, प्रत्येक तीनदा, क्रम विस्कटलेला. पट्टी दरवेळी वेगळ्या रंगावर उघडायची, नाहीतर हातच जागा लक्षात ठेवतो. पडद्याचा रात्रीचा मोड बंद आणि उजेड आपोआप कमीजास्त होणंही बंद. आभाळ दाटलं, पडदा मंदावला, की तीच अबोली दाखवायला वेगळी छटा निवडावी लागते आणि गुण उगाच बिघडतो.

प्रत्येक रंगाचे लाल, हिरवा, निळा असे भाग ० ते १ मध्ये मांडायचे. एका अंकाच्या तीन निवडींच्या तीन जोड्या होतात; जोडीजोडीतला फरक काढून बेरीज करायची. सगळ्या अंकांची सरासरी १ च्या खाली, म्हणजे रंग पक्के.

पक्के म्हणजे तिन्ही वेळा जवळपास तोच रंग निवडला, एवढंच. दहा रंग पाठ केलेला माणूसही इथे पास होईल.

(हिरवा ५.)

म्हणून ही दुसरी चाचणी. शाईचा रंग पटकन सांगायचा. तिचा पाच अबोली, म्हणून ती अडखळते. पण अंक-रंगांच्या जोड्यांचा सराव दिलेली माणसंही अशीच अडखळतात, आणि विचारलं तर त्यातले बरेच जण रंग दिसत नाही म्हणतात. घड्याळ दोघांचं सारखंच सांगतं. फरक कळतो तो विचारल्यावर. म्हणून गुणांच्या शेजारी तिचं बोलणं शब्दाला शब्द उतरवायचं: रंग कागदावर दिसतो की मनात? अंकाच्या कडेशी थांबतो की बाहेर पसरतो? ४५ लिहिलं तर चारचा रंग पाचच्या रंगाला झाकतो का?

शाळेत पाढे म्हणताना हे रंग सांगितले म्हणून ओरडा बसला. मग घरीही सांगणं बंद.

(पडदा, जवळून.)

आता समोर इंग्रजी पाच आहे. पट्टीवरचा हात अजून हललेला नाही.