निघता निघता सांगितलेली गोष्ट

(उपकेंद्राचा व्हरांडा. बाकावर बसलेल्या बाया. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात.)

बीपी मोजून होतं, गोळ्या पिशवीत जातात. बाई उठते, दारापर्यंत जाते आणि परत फिरते. आवाज एकदम खाली येतो. "ताई, मालक जवळ आले की नंतर अंगावरून लाल जातं."

हे सांगायला कित्येकींना महिने लागतात, काहींना वर्षं. भीती एकाच शब्दाची असते, कॅन्सर. खरं तर बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पाळी गेल्यावर, किंवा बाळ अंगावर पीत असताना, योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, घर्षणानं सोलवटते. कुणाच्या गर्भाशयाच्या तोंडाशी देठ असलेली छोटी मऊ गाठ असते, तिला पॉलिप म्हणतात. कुणाला क्लॅमिडिया किंवा गनोरियाचा, म्हणजे संबंधातून पसरणारा, संसर्ग असतो. तिथं नवऱ्यानंही औषध घ्यावं लागतं, नाहीतर दुखणं पुन्हा येतं.

आणि एक शब्द फार छळतो : "जखम". "पिशवीच्या तोंडाला जखम आहे," असं ऐकून बाई हादरते. पुष्कळदा ती जखम नसतेच. गर्भाशयमुखाच्या आतलं नाजूक, लालसर अस्तर बाहेरच्या बाजूला आलेलं असतं. तरुण वयात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना असं होतं. धक्का लागला की रक्त येतं. हा आजार नव्हे. एवढ्यावरून कुणी पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करू नका.

(बार्शीचा रस्ता. एसटी स्टँड.)

पण कॅन्सरची शक्यता डोळ्याआड करून चालत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1987 पासून खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये निष्कर्ष आले : ज्याच्यामुळे हा कॅन्सर होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदा जरी झाली, तरी त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या विषाणूपासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा ते वीस वर्षं लागतात. एवढा वेळ हाताशी असताना बाई दगावते, हे मनाला लागतं.

मात्र ही चाचणी त्रास नसलेल्या बायकांसाठी आहे. रक्त जात असेल, तर नुसता रिपोर्ट "नॉर्मल" आला म्हणून थांबू नये. डॉक्टरांनी आतून, उपकरण लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहायला हवं. शंका आली तर तुकडा तपासायला पाठवतात. न पाहता दिलेल्या गोळ्यांवर समाधान मानू नका. पाळी जाऊन वर्ष झालं असेल, तर एक डागही दाखवायचाच. गरोदरपणातही तसंच. आणि तासाभरात पॅड भिजत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

(खोलीचं दार.)

आणखी एक कारण असतं, ते कुणी आपणहून सांगत नाही. जबरदस्तीनं झालेल्या संबंधात आत चीर पडते, रक्त येतं. म्हणून इथल्या सिस्टर नवऱ्याला बाहेर बसवतात, दार लोटून घेतात, खुर्ची जवळ ओढतात.

"बस. केव्हापासून जातंय?"