पलटणीतलं बिऱ्हाड

मंडळी, सैनिक म्हटलं की आपल्याला बंदूक आठवते, लढाई आठवते. मला आज त्याच्या बिऱ्हाडाबद्दल बोलायचंय. रामजी मालोजी सकपाळ यांच्या. मुलामुळे, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांमुळे, आज त्यांचं नाव घरोघरी आहे, पण तेवढं क्षणभर बाजूला ठेवलं, तर मुंबई इलाख्याच्या फौजेतला हा एक साधा माणूस. गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजी फौजेतच होते, बायको भीमाबाई मुरबाडकरांच्या फौजी घरातली. म्हणजे लग्न जमलं तेही पलटणीतल्या पलटणीतच.

पलटण हलली की घरही हलायचं. भांडीकुंडी बांधायची, पोरांना घ्यायचं, नव्या छावणीत चूल मांडायची. भीमाबाईंना चौदा अपत्यं झाली, त्यांतली पाचच हाताशी लागली. कुठल्याही लढाईच्या हकिगतीत हा आकडा सापडत नाही.

आता शाळेचं. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवायची सोय होती, मुलींनासुद्धा! गावच्या शाळेत ज्यांना दारातही उभं करत नसत, त्या घरांतली माणसं इथे वाचायला शिकली. रामजी स्वतः शिकले, सुभेदार झाले आणि चौदा वर्षं फौजी शाळेचे हेडमास्तर होते. माझ्या मते इंग्रजांनी हे काही कनवाळूपणाने केलं नव्हतं. हुकूम वाचता येणारा शिपाई त्यांनाही सोयीचा होता. पण एकदा आलेली अक्षरं परत घेता येतात थोडीच!

दार मात्र बंद करता येतं. 1890 नंतर महारांची भरती थांबवली गेली. ज्या घरांत आजोबा, बाप, काका सगळे फौजेत, तिथल्या पोरांनी करायचं काय? दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी, तेही निवृत्त फौजीच, 1894 साली याविरुद्ध अर्ज लिहिला. त्याच सुमारास रामजी पेन्शनीत निघाले. महूच्या छावणीतून दापोली, मग सातारा. साताऱ्यात भीमाबाई गेल्या. पोरं रामजींच्या बहिणीने, मीराबाईंनी सांभाळली.

पुढे रामजी सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. 1901 साली मुलं त्यांना भेटायला निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनवर उतरली. पत्र वेळेवर न पोचल्यामुळे घ्यायला कोणी आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली, आणि ‘आम्ही महार’ हे ऐकताच ते मागे सरकले. बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, या बोलीवर एक गाडीवान तयार झाला, तोही बाजूने पायी चालणार. पोरांचा तो थाट छावणीतल्या शिस्तीचा होता, पण छावणी केव्हाच मागे राहिली होती.

त्यानंतर मुंबई, परळची चाळ, एक खोली. धाकट्याला पुस्तकांचा नाद. पेन्शन महिन्याला पन्नास रुपये, ती पुरणार कशी? पुस्तक हवं असलं की सुभेदार लेकीकडे जात. तिच्याकडे पैसे नसले तर दुसऱ्या लेकीकडे. तिच्याकडेही नसले तर तिचा एखादा दागिना मागून घेत, गहाण टाकत आणि पुस्तक आणत. पेन्शन हातात पडली की तो दागिना सोडवून लेकीला परत नेऊन देत. पुढच्या पुस्तकापर्यंत.