टेनवेकच्या मिशन हॉस्पिटलमधला महिना
(इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी, आणि आमच्या नगरच्या रीतीप्रमाणे सगळ्यांना सलाम.

केनियातल्या मिशनच्या कामाबद्दल मी आज बोलणार, हे कळल्यावर पहिला फोन आला तो इथल्याच एका मैत्रिणीचा. तिने सरळ विचारलं, "तिथे जाऊन तुम्ही लोकांना ख्रिस्ती करता का गं?" प्रश्न मोकळेपणाने विचारला याचं मला बरं वाटलं. तुमच्यापैकी आणखी कुणाच्या मनात तो असेल, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. मी गेले होते त्या बोमेट भागातली बहुतेक घरं आधीपासूनच ख्रिस्ती आहेत, काही तर तीन-तीन पिढ्यांची. मी गेले ती नर्स म्हणून. माझी श्रद्धा माझ्यासोबत होती, ती घरी ठेवून मी इथेसुद्धा कधी ड्युटीवर जात नाही. पण हाताला काम होतं ते जखमा धुण्याचं, सलाईन लावण्याचं आणि ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या उशाशी रात्र काढण्याचं. माझ्या लेखी मिशन ते हेच.

टेनवेक हॉस्पिटल नैरोबीच्या पश्चिमेला, चहाच्या मळ्यांच्या डोंगराळ प्रदेशात आहे. नैरोबीहून निघालं की रिफ्ट व्हॅलीचा मोठा घाट उतरावा लागतो. त्या घाटात रस्त्याला लागून एक चिमुकलं चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांना या रस्त्याच्या कामाला जुंपलं होतं, त्यांनी ते 1942 मध्ये बांधलं. आत मोजकी माणसं मावतील एवढीच जागा. परक्या मुलुखात, कैदेत, दिवसभर खडी फोडून झाल्यावर माणसांना प्रार्थनेसाठी भिंती उभाराव्याशा वाटल्या, हे मला फार मोठं वाटलं. ड्रायव्हरदादांना सांगून मी तिथे थांबले आणि पुढच्या महिन्यासाठी देवाकडे बळ मागितलं.

टेनवेकची सुरुवात 1937 मध्ये एका लहानशा दवाखान्याने झाली. पुढची वीसेक वर्षं तो नर्सेसनीच चालवला. पहिले कायमचे डॉक्टर, अर्नेस्ट स्ट्युरी, आले ते 1959 मध्ये. नर्स म्हणून मला या गोष्टीचा अभिमान आहे, तो लपवत नाही. आज तिथे शेकडो खाटा आहेत, नर्सिंग कॉलेज आहे, सर्जन तयार करणारं शिक्षण आहे, हृदयाची ऑपरेशनं होतात. खाली न्यांगोरेस नदीचा धबधबा आहे, त्या पाण्यावर 1980च्या दशकात मिशनने स्वतःचं छोटं वीजकेंद्र उभारलं. ऑपरेशन चालू असताना दिवे गेले तर काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला त्या धबधब्याची किंमत सांगावी लागत नाही. हॉस्पिटलचं ब्रीदवाक्य आहे, "आम्ही उपचार करतो, येशू बरे करतो." पेशंटला भूल देण्याआधी सगळी टीम टेबलाभोवती उभी राहून त्याच्यासाठी प्रार्थना करते. घाबरलेल्या पेशंटचा श्वास त्या मिनिटभरात संथ होतो, हे मी मॉनिटरवर पाहिलं आहे.

आता आजारांबद्दल. इथे इंग्लंडमध्ये नव्या नर्सेसना संधिवाताच्या तापाने होणारा हृदयरोग फक्त पुस्तकात भेटतो. मिरजेत शिकताना मी तो पाहिला होता, टेनवेकला तो पुन्हा समोर आला. लहानपणी घसा दुखतो, कुणी लक्ष देत नाही. घशातल्या त्या जंतूंशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. शाळकरी मुलगी डोंगर चढताना धापा टाकायला लागते, तेव्हा घरच्यांना कळतं. झडप आणखी बिघडू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन द्यायचं, वर्षानुवर्षं. औषध स्वस्त आणि जुनं. पण ते दाट असतं, सुईत अडकतं आणि भयंकर दुखतं. दुखतं म्हणून मुलं यायची बंद होतात, आणि मग झडप जाते.

तिथल्या इन्चार्ज सिस्टर हे इंजेक्शन कसं देतात, ते मी जवळ उभी राहून शिकले. बाटली दोन्ही तळव्यांत धरून सावकाश फिरवायची, जोरात हलवायची नाही, नाहीतर फेस होतो. सुई जाड घ्यायची. त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेलं थोडं बधिरतेचं औषध मिसळायचं. जागेवर अंगठा दाबून धरायचा, मग सुई खोल घालून दट्ट्या अगदी हळू ढकलायचा आणि तेवढा वेळ मुलीशी तिच्या भाषेत बोलत राहायचं. माझ्यासमोर एका मुलीने इंजेक्शन संपल्यावर विचारलं, "झालं?" ती मुलगी पुढच्या महिन्याला येणार, याची सिस्टरांना खात्री होती. एवढी वर्षं नर्सिंग करून मी त्या खोलीत विद्यार्थिनी होते, आणि मला ते मनापासून आवडलं.

दुसरा आजार अन्ननलिकेच्या कॅन्सरचा. पूर्व आफ्रिकेच्या या पट्ट्यात तो फार आढळतो, आणि तरुण माणसांनाही होतो. कारणं अनेक असावीत, अभ्यास चालू आहे. त्यांतलं एक संशयित कारण आपल्या ओळखीचं आहे: उकळता चहा. 65 अंशांच्या वर गरम असलेली पेयं कॅन्सरला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2016 मध्ये जाहीर केलं. टेनवेकच्या आसपास चहा दूध-साखर घालून खळखळ उकळतात आणि तसाच ओठांना लावतात.

एक आजोबा आले ते घोटभर पाणीही गिळू शकत नव्हते. सोबत मुलगा आणि सून. गाय विकून आणि गावाने 'हरांबे' करून, म्हणजे वर्गणी काढून, पैसे उभे केलेले. कॅन्सर पुढे गेलेला होता, ऑपरेशनचा उपयोग नव्हता. अशा वेळी दुर्बिणीतून अन्ननलिकेत जाळीची नळी बसवतात, म्हणजे उरलेले दिवस माणूस तोंडाने खाऊ-पिऊ शकतो. नळी बसवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला. सुनेने थर्मासमधून कपात ओतला, वाफा निघत होत्या. मी म्हटलं, थांबा. पॅन्ट्रीतून एक बशी आणली, त्यात चहा ओतला, फुंकर घातली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. आपले आजोबा-पणजोबा प्यायचे तसा. ते बशीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग प्यायले. घोट खाली उतरला. त्यांनी छातीवर हात ठेवला, जणू तो कुठवर पोचला ते तपासत होते. मग बशी पुढे करून पुन्हा मागितला. सून भिंतीकडे तोंड करून रडत होती. त्या संध्याकाळी त्यांनी उजी घेतली, आपल्या आंबिलीसारखी पातळ असते ती. मी निघायच्या आधी ते घरी गेले. नंतरची बातमी मला ठाऊक नाही आणि मी ती विचारली नाही. ते देवाच्या हाती आहेत.

रविवारची उपासना दोन-तीन तास चालते आणि कुणी घड्याळ बघत नाही. एका रविवारी पाळकांनी मला माझ्या भाषेतलं गाणं म्हणायला सांगितलं. नगरच्या चर्चमध्ये लहानपणी आजीच्या मांडीवर पाठ झालेलं भजन म्हटलं. पेटी नाही, टाळ नाहीत. दुसऱ्या कडव्यापासून लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि तो बरोबर होता.

मला सगळ्यात जास्त काय सांगायचं असेल, तर ते मिरजेबद्दल आहे. 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडाच्या मिशनरी डॉक्टरांनी तिथे हॉस्पिटल उघडलं. दक्षिण महाराष्ट्रातल्या किती घरांत "आजोबांचं ऑपरेशन मिरजेच्या मिशनमध्ये झालं" असं म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यांतली बहुतेक घरं ख्रिस्ती नाहीत. पण वॉनलेस साहेबांनी नुसती ऑपरेशनं केली असती तर ते गेल्यावर काम थांबलं असतं. त्यांनी आपल्या मुलामुलींना शिकवलं. मी त्या शिकवण्याचंच फळ आहे. टेनवेकला मी तेच पाहिलं: राउंड घेणारे डॉक्टर केनियन, शिकवणाऱ्या सिस्टर केनियन, बाहेरून आलेले आम्ही त्यांच्या हाताखाली. महिनाभरासाठी जाणाऱ्याची जागा तीच आहे. आम्ही गेल्यानंतरही वॉर्ड तसाच चालला पाहिजे.

म्हणून जायचं मनात असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आधी विचारा, तुम्हाला काय हवंय? आपल्याकडे काय उरलंय ते नेऊ नका. मुदत संपत आलेली औषधं तर अजिबात नाहीत. दान केलेल्या औषधाला पोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियमच आहे. मशिन पाठवायचं तर सुटे भाग आणि दुरुस्ती शिकवणारा माणूसही पाठवा. आपल्या मंडळात बायोमेडिकल इंजिनिअर आहेत, मी तुमच्याकडे बघूनच बोलतेय. तुमची गरज नर्सेसपेक्षा कमी नाही. आणि त्यासाठी ख्रिस्ती असायलाच हवं का, हे तुम्ही स्वतः हॉस्पिटलला पत्र लिहून विचारा. मला तिथे कुणी पेशंटचा धर्म विचारताना दिसलं नाही.

नर्सेस आणि डॉक्टरांना केनियाच्या आपापल्या नर्सिंग किंवा मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. त्याला इथली प्रमाणपत्रं, शिफारसपत्रं आणि भरपूर धीर लागतो. कागदांची यादी मी छापून आणली आहे. जेवणाच्या वेळी दाराजवळच्या टेबलाशी बसते, तिथे या. पुढच्या उन्हाळ्यात जायचं असेल तर अर्ज याच महिन्यात सुरू करावा लागेल.