किती वेळा, ते तुम्ही ठरवा

(दृश्य : सभागृहाच्या मध्यभागी चार ग्रँड पियानो, वादक एकमेकांकडे तोंड करून. भोवती जमिनीवर चटया, उशा, आडवे झालेले श्रोते.)

खुर्च्या नाहीत. लोक चटया पसरून आडवे झालेत. वादन सुरू होऊन अर्धा तास उलटला आणि अजून तेच चाललंय. म्हणजे तेच चाललंय असं वाटतं. पाच-पाच स्वरांचे गुच्छ गोल गोल फिरतायत. मग लक्षात येतं, एक स्वर खाली सरकलाय. कधी सरकला, ते मात्र कुणालाच सांगता यायचं नाही.

या रचनेचं नाव 'कान्तो ओस्तिनातो'. इटालियन भाषेत कान्तो म्हणजे गाणं आणि ओस्तिनातो म्हणजे हट्टी. हे हट्टी गाणं लिहिलं सिमेऑन टेन होल्ट या डच संगीतकारानं, वयाची पन्नाशी उलटल्यावर.

(दृश्य : वाळूच्या टेकड्या, समुद्र, गवतातली पायवाट.)

बेर्गेन. नॉर्वेतलं नव्हे, हे नेदरलँड्समधलं, उत्तर समुद्राजवळचं गाव. चित्रकार आणि कवींचं. 24 जानेवारी 1923 रोजी सिमेऑन इथेच जन्मला. वडील आंरी टेन होल्ट चित्रकार, भाऊ फ्रिसोही पुढे चित्रकारच झाला. घरात रंगांचा वास, आणि हा मुलगा पियानोपाशी.

गुरूही गावातच भेटले. याकोब फान डोम्सेलार हे पियानोवादक आणि संगीतकार. अमूर्त चित्रं काढणाऱ्या डच चित्रकार मोन्द्रियानचे मित्र. मोन्द्रियानच्या उभ्या-आडव्या रेघांचं तत्त्व पियानोवर आणता येईल का, हा प्रयोग त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात केला होता. अशा माणसाकडे शिकलेला मुलगा स्वरांकडे आकार म्हणूनच बघणार.

1949 साली सिमेऑन पॅरिसला गेला. एकोल नॉर्माल या संगीतशाळेत ऑनेगर आणि मियो या संगीतकारांकडे शिकला. पॅरिसबद्दल एवढं पुरे, कारण खरी गोष्ट तो परत आल्यावरची आहे.

(दृश्य : काँक्रीटचा बंकर, अर्धा वाळूत.)

1954 साली तो गावी परतला आणि राहायला लागला एका बंकरमध्ये. महायुद्धात जर्मनांनी बांधलेला, मागे सोडून गेलेला. जाड काँक्रीटच्या भिंतींच्या आत बसून तो पियानोसाठी लिहू लागला.

त्याच्या डोक्यात तेव्हा एक वेगळंच खूळ होतं. दोन सूर एकाच वेळी आधार म्हणून धरायचे, पण ते एकमेकांपासून जास्तीत जास्त लांबचे. आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि तीव्र मध्यम. सप्तकाच्या बरोबर मधोमध पडणारं हे अंतर. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा. कुणीच कुणाला शरण जायचं नाही. याला तो 'कर्णरेषेचा विचार' म्हणे. 1959 च्या सोनाटाचं नावही त्यावरूनच पडलं : 'डायगोनाल सोनाटा'.

मग साठचं दशक आलं. युरोपभर स्वरांची गणितं मांडली जात होती. कुठला स्वर कधी, किती जोरात, किती लांब, सगळं आकड्यांच्या रांगेनं ठरायचं. टेन होल्टही त्या वाटेनं गेला. पुढे उट्रेक्टच्या सोनॉलॉजी संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोगही त्यानं केले. हे काम मन लावून केलेलं आहे, यात शंका नाही. पण खरं सांगायचं तर आज त्यासाठी कुणी चटया घेऊन येत नाही.

(दृश्य : पियानोच्या पट्ट्या, अगदी जवळून. दोन हात.)

सत्तरच्या दशकात कधीतरी त्याला आकड्यांचा कंटाळा आला असावा. हात पुन्हा पट्ट्यांवर आले आणि कानाला गोड लागणाऱ्या स्वरसंगती परत आल्या. तोवर त्या जुनाट ठरल्या होत्या. आधुनिक संगीतात गोडव्याची बाजू घेणं म्हणजे मागं जाणं. त्याचं म्हणणं वेगळं होतं. ही सुरावटीची पद्धत मेली हे त्याला मान्य होतं. तिच्या मरणानंतरचं तिचं आयुष्य आपण लिहितोय, असं तो सांगे.

आणि 'कान्तो ओस्तिनातो' लिहिलं कसं? एकूण 106 तुकडे. बहुतेक तुकडे हवे तितक्या वेळा वाजवायचे. हवे तितक्या म्हणजे किती, ते संगीतकार सांगत नाही. किती जोरात, कुठल्या आवाजाला पुढे आणायचं, तेही नाही. किती वाद्यं, तेही मोकळंच. त्यामुळे हीच रचना कधी तासाभरात आटोपते, कधी कित्येक तास चालते. ज्यानं एकेकाळी एकेका स्वराचा हिशोब ठेवला, त्यानंच आता हिशोबाची वही वादकांच्या हाती दिली.

एक गोष्ट मात्र त्यानं आपल्याकडे ठेवली. क्रम. आणि त्या क्रमात 74 वा तुकडा. तिथवर चाल नुसती डोकावत राहते, दोन स्वर इथे, तीन तिथे. 74 व्या तुकड्यात ती पूर्ण उलगडते. साधी, गुणगुणता येईल अशी. ख्याल ऐकणाऱ्याला ही वाट बघणं नवीन नाही. अमेरिकेतल्या मिनिमलिस्ट, म्हणजे छोटेसे तुकडे पुन्हा पुन्हा फिरवत राहणाऱ्या संगीतकारांच्या रांगेत टेन होल्टला बसवतात, ते मला म्हणूनच पूर्ण पटत नाही. नुसतं फिरत राहणं त्याला पुरेसं नव्हतं. त्याला कुठेतरी पोचायचं होतं.

(दृश्य : बेर्गेनचं पडकं चर्च. छप्पर नसलेल्या भिंती, आत हिरवळ.)

पहिला प्रयोग 1979 च्या एप्रिलमध्ये, गावातल्याच या पडक्या चर्चमध्ये झाला. सोळाव्या शतकात जळालेली ही वास्तू. एक भाग दुरुस्त केलेला, बाकी उघडा. तीन पियानो आणि एक इलेक्ट्रिक ऑर्गन. तिथून रचना गावाबाहेर पडली आणि देशभर गेली. चर्चच्या ऑर्गनवर वाजली, मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर वाजली, एकट्या हार्पवरसुद्धा. येरून फान व्हेनसारख्या वादकांनी ती वर्षानुवर्षं वाजवत ठेवली.

टेन होल्ट पुढेही लिहीत राहिला. 'लेम्निस्काट', 'होरायझन', 'मेआंद्र', सगळ्या अनेक पियानोंच्या, लांबलचक रचना. 25 नोव्हेंबर 2012 रोजी बेर्गेनशेजारच्या आल्कमार शहरात त्याचं निधन झालं. वय 89.

(दृश्य : पुन्हा सभागृह. चार पियानो.)

पुढच्या तुकड्यात कधी जायचं, हे वादक नजरेनं ठरवतात. आत्ता एकीनं मान वर केलीय. उरलेले तिघं तिच्याकडे बघतायत, हात चालूच. चटईवर कुणीतरी कूस बदलली.

तिनं मान हलवली नाही. पुन्हा एकदा तोच तुकडा.